वस्तीवरनं हाक आली आणि कुणीच ओ दिली नाही: सोलापूरजवळच्या एका संध्याकाळच्या पायी फेरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

नावं सगळी गाळलीत, गावाचं तर मुद्दामच. घटना 2024 च्या पावसाळ्यातली, पोळ्याच्या अमावस्येआधीच्या शनिवारची, उत्तर सोलापूर तालुक्यातली, एवढं पुरे. गाव कुठलं ते शोधत बसू नका, त्या दिवसांत त्याच्या जागी शेजारचं कुठलंही गाव असतं तरी हेच झालं असतं असं माझं मत आहे.

आमचा ग्रुप म्हणजे काही नोंदणी केलेला क्लब वगैरे नाही. सकाळी कंबर तलावाला चकरा मारणारे लोक, त्यातनं ओळखी झाल्या, व्हॉट्सॲप ग्रुप झाला, आणि मग कधीतरी शनिवारी संध्याकाळी शहराबाहेर आठ-नऊ किलोमीटर चालायचं असं सुरू झालं. संध्याकाळीच का, तर सोलापूर आहे हे, उन्हाळ्यात पारा 42-43 ला टेकतो, दिवसा माळावर फिरणं म्हणजे भाजून निघणं, त्यामुळं संध्याकाळची सवय लागली ती पावसाळ्यातही तशीच राहिली. ऊन उतरलं की निघायचं, कुठंतरी तलावाच्या भरावावर बसून कडक भाकरी-शेंगाचटणी खायची, अंधार पडता पडता गाडीपाशी यायचं.

त्या दिवशी आम्ही तेरा जण होतो. लीडर म्हणजे आमचे सर, हायस्कूलमधनं रिटायर झालेले, वाट तेच ठरवतात. एक रिटायर तलाठी, त्यांना अजून सगळे भाऊसाहेबच म्हणतात. एक डेंटिस्ट मॅडम आणि त्यांची मैत्रीण. पूर्व भागातल्या अक्का, साठीच्या, घरची भाषा तेलुगू, चालण्यात मात्र आमच्यातल्या निम्म्यांना मागं टाकणाऱ्या. इंजिनिअरिंगचा एक पोरगा, ज्याच्याकडं हेडलॅम्पपासून सगळं सामान असतं. बाकी माझ्यासारखे दुकानदार, नोकरदार.

नान्नजचं माळढोक अभयारण्य तिथनं फार लांब नाही, 1979 साली जाहीर झालेलं. वनखात्याच्या जागेत अंधारात घुसायचं नाही हा सरांचा पहिल्यापासूनचा नियम, म्हणून वाट बाहेरच्या बाहेर आखलेली: बार्शी रोडला एका धाब्यावर गाड्या लावायच्या, पाणंदीनं आत जायचं, माळ ओलांडून पाझर तलाव, आणि ओढा पार करून दुसऱ्या बाजूनं परत रोडला. ही वाट आम्ही उन्हाळ्यात केलेली होती. पावसाळ्यात नव्हती केली.

अजून एक गोष्ट, जी सगळ्यांना माहीत होती आणि तरीही कुणी तिचा विचार केला नव्हता. त्या पावसाळ्यात रात्रीच्या ड्रोनच्या अफवा जोरात होत्या. आधी मराठवाड्यातनं, मग आपल्याकडंही, की रात्री आकाशात लाल-हिरवे लाईट फिरतात, चोर त्यातनं घरं हेरतात, मग टोळी येते. आम्ही ते व्हिडिओ बघून हसत होतो, ग्रुपवर त्याचे जोक फिरले होते. वस्तीवर राहणाऱ्याला ते जोक नसतात. चार-पाच पत्र्याची घरं, भोवती तूर, गाव दीड किलोमीटर लांब, घरातला गडी रात्री मोटर चालू करायला विहिरीवर गेलेला कारण शेतीपंपाची लाईट रात्रपाळीची, आणि घरात बाया-पोरं. त्या माणसानं अफवेवर विश्वास ठेवला तर त्याला येडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

अडचण कशी उभी राहिली

निघायलाच उशीर झाला. पाचला चालायला लागायचं ते पावणेसहा झाले, कुणाची गाडी आली नव्हती, कुणाचा चहा राहिला होता, नेहमीचंच. त्यात दोन दिवस आधी पाऊस झालेला. काळी माती ओली असली की काय होतं ते इकडच्याला सांगायला नको, दहा पावलं टाकली की बुटाला किलोभर चिखल, काठीनं खरवडायचा, परत दहा पावलं. माळावर मुरूम आहे तिथं बरं होतं, पण तलावापर्यंत पोचेपर्यंतच साडेसहा वाजले. भाकरीची पिशवी उघडलीच नाही.

ऑगस्टच्या शेवटी इकडं सूर्य पावणेसातच्या सुमारास मावळतो. अमावस्या दोन दिवसांवर, म्हणजे चंद्राचा काही प्रश्नच नाही. आणि ओढ्यावर आलो तर ओढ्याला पाणी, गुडघ्याच्या वर, गढूळ, तळ दिसत नाही.

इथं पहिला निर्णय झाला. आल्या वाटेनं परत जायचं की ओढ्याच्या कडेकडेनं खाली जाऊन पुलाच्या वाटेला लागायचं. आल्या वाटेनं चिखल होता पण वाट माहितीची होती आणि त्या बाजूला एकही वस्ती नाही. पुलाची वाट मोबाईलच्या नकाशावर निम्मी दिसत होती. सरांनी विचारलं, बहुतेकांनी पूल म्हटलं, चिखलाला सगळे वैतागलेले. निर्णय चुकीचा होता असं मी म्हणणार नाही, पाण्यात उतरले नाहीत हे तर शंभर टक्के बरोबर. पण नकाशावर ती वाट तीन वस्त्यांच्या अंगणाजवळनं जाते हे कुणी बघितलं नाही, आपण नकाशात अंतर बघतो, घरं नाही बघत.

अंधार पडला. सगळ्यांनी बॅटऱ्या काढल्या. पोरानं स्वतःहून शेवटी राहायचं ठरवलं आणि हेडलॅम्प लाल करून डोक्याच्या मागच्या बाजूला लावला, लुकलुकणारा. त्याचं म्हणणं बरोबर होतं, शेवटचा माणूस कुठाय ते पुढच्याला वळून कळावं, आणि लाल उजेडानं डोळे दिपत नाहीत. ट्रेकिंगवाले असंच करतात. पण तुरीच्या वर, माणसाच्या डोक्याच्या उंचीला, लाल ठिपका लुकलुकत सरकतोय, खाली माणूस दिसत नाही, हे अर्धा किलोमीटरवरनं कसं दिसत असेल ते तुम्हीच बघा.

पहिल्या वस्तीपाशी कुत्री उठली. आमच्यातल्या एकानं कुत्री कुठायत बघायला म्हणून मोठ्या बॅटरीचा झोत फिरवला, तो सरळ घराच्या दारावर गेला. दारात बाई. तिनं हाक मारली, "कोण हाय रं?"

कुणीच बोललं नाही. सर दोनशे पावलं पुढं होते त्यांना ऐकू गेलं नाही, मधल्यांना वाटलं पुढचे बोलतील, पोराच्या कानात इअरफोन, मी कुत्र्यांकडं बघत होतो. तिनं परत विचारलं, जरा जोरात. तेव्हाच अक्कांना घरनं फोन आला आणि त्या तेलुगूत बोलायला लागल्या, रेंज कमी म्हणून मोठ्यानं. म्हणजे त्या बाईच्या बाजूनं बघितलं तर अंधारात दहा-बारा माणसं, दारावर झोत मारला, लाल लाईट, दोनदा विचारलं तर उत्तर नाही, आणि मग भलत्याच भाषेत कुणीतरी कुणाला तरी काहीतरी सांगतंय.

पुढं काय झालं ते आम्हाला नंतर कळलं. तिनं दिराला फोन केला, त्यानं ग्रामसुरक्षेच्या नंबरला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ठरलेल्या टोल फ्री नंबरवर एकानं निरोप सांगितला की तो त्याच्याच आवाजात गावातल्या नोंदवलेल्या सगळ्या मोबाईलवर एकाच वेळी जातो. चोरी, आग, बिबट्या, कशालाही उपयोगी पडते ही यंत्रणा आणि ती चांगलीच आहे. त्या दिवशी तिनं चोख काम केलं, फक्त चोर म्हणजे आम्ही होतो.

दुसऱ्या आणि तिसऱ्या वस्तीच्या मधे, दोन्ही बाजूला तूर आणि मधे बैलगाडीपुरती वाट, तिथं पुढनं मोटारसायकली आल्या आणि वळून बघतोय तर मागनंपण. तीस-चाळीस माणसं असतील. काठ्या सगळ्यांकडं, दोघांकडं कोयते. सगळे एकदम ओरडत होते.

समोर काय पर्याय होते

हे सगळं दोन-तीन मिनिटांतलं आहे, तिथं कुणी बसून पर्याय मोजले नाहीत. नंतर आम्ही बोललो तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यात काय होतं ते बाहेर आलं, ते इथं मांडतो.

पोराच्या आणि अजून दोघांच्या मनात पहिलं आलं ते पळायचं, तुरीत शिरायचं. ते झालं असतं तर मी हे लिहीत बसलो नसतो. पळणारा माणूस चोरच असतो, गावाच्या हिशेबात त्याला दुसरं नाव नाही. आणि ओल्या तुरीत रात्री शिरणं म्हणजे वर घोणसचा धोका वेगळाच.

भाऊसाहेबांचा पर्याय हक्काचा. ते पुढं झाले आणि म्हणाले ही गावनकाशावरची वाट आहे, दुहेरी तुटक रेषेतली, गाडीमार्ग आहे, कुणाच्या बापाची नाही, आम्हाला अडवणारे तुम्ही कोण. माहिती शंभर टक्के खरी. गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं दाखवतात आणि पायमार्ग एकेरी, आयुष्यभर त्यांनी तेच बघितलंय. पण ज्या गावात निम्मी भांडणं वाटेवरनं आणि बांधावरनं चालू असतात तिथं अंधारात अनोळखी माणसानं नकाशा काढला की माणसं गार होत नाहीत, उलट पेटतात. एकजण म्हणालाच, "आता वाट बी मोजाय आला का बे?"

डेंटिस्ट मॅडमनी 112 लावला. लागला, पण पोलिसांची गाडी यायला वेळ लागणार हे उघड होतं, आणि फोनवर पोलीस हा शब्द ऐकून समोरचे दोघं अजून बिथरले. तरीही तो कॉल केला हे बरोबरच झालं असं माझं मत आहे. पोलिसांत नोंद झाली, पुढं तिचा उपयोग झाला.

ओळख काढायची हा माझ्या डोक्यातला पर्याय. आमच्या गल्लीत दूध घालणारा शेजारच्या गावचा, त्याला या गावात सगळे ओळखतात हे मला माहीत होतं.

आणि सरांचा पर्याय: काहीच करायचं नाही, खाली बसायचं.

केलं काय

सर पुढनं मागं आले, हात वर, आणि त्या चिखलात मांडी घालून बसले. आमच्याकडं बघून म्हणाले, "सगळे बसा. बॅटरी आपापल्या तोंडावर मारा. कुणी उभं राहायचं नाही." वर्गात जो आवाज लावायचे तोच. आम्ही बसलो. भाऊसाहेब बसले नाहीत, त्यांना मॅडमनी हाताला धरून बसवलं.

तोंडावर बॅटरी मारायला लावणं ही मला त्या सगळ्यातली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट वाटते. तोपर्यंत आमच्या बॅटऱ्या त्यांच्या डोळ्यांवर होत्या, त्यांना माणसं दिसतच नव्हती, नुसते झोत. आता एकेक चेहरा दिसायला लागला, पांढऱ्या मिशांचा, चष्म्यातला, साडीतल्या अक्का, पंजाबी ड्रेसमधल्या दोघी. ओरडणं एका पट्टीनं खाली आलं ते ऐकू आलं.

पण तेवढ्यात मागच्या बाजूला पोराच्या थोबाडीत बसली होती. तो बसायला उशीर करत होता कारण त्याला काही ऐकूच आलं नव्हतं, इअरफोन. त्याचा फोन हातातनं ओढला तो दगडावर पडला. सरांनी मागं न बघता तेच परत म्हटलं, बस. तो बसला. त्या क्षणी आमच्यातला एकजण जरी त्याच्यासाठी म्हणून उठला असता तरी पुढचं सांगता येत नाही, आणि खरं सांगायचं तर उठावंसं सगळ्यांनाच वाटत होतं.

मी दूधवाल्याला फोन लावला, धारांची वेळ, तो उचलेना. तिसऱ्यांदा त्याच्या बायकोनं उचलला. मी फोन स्पीकरला टाकून वर धरला आणि तिला म्हटलं वहिनी, इथं आम्हाला धरलंय, सांगा आम्ही कोण ते. ती पलीकडनं, "अवं ती आमची दूध घेणारी माणसं हायती, सोलापुरातली, मास्तर हायती त्यात, सोडा की त्यास्नी!" मग समोरच्यातल्या एकाचं नाव घेऊन तिनं दोन शिव्या घातल्या. त्या शिव्यांनी जे काम केलं ते आमच्या आधारकार्डांनी केलं नसतं. ज्याला शिव्या बसल्या तो हसला, म्हणजे ओळख पटली.

लगेच सोडलं असं नाही. गावात चला, पोलीस पाटील येतोय, ग्रामपंचायतीत बसा, असं ठरत होतं. इथं सरांनी दुसरा मोठा निर्णय घेतला. म्हणाले येतो, पण खोलीत बसणार नाही, मारुतीच्या देवळापुढं पारावर बसतो, लाईट आहे तिथं, सगळ्या गावाला दिसू दे आम्ही कोण ते. समोरच्यांना ते पटलं, त्यांनाही सगळ्यांना दाखवायचं होतंच.

सर असं का म्हणाले ते नंतर गाडीत कळलं. त्यांच्या डोक्यात राईनपाडा होतं. 1 जुलै 2018, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातलं गाव, पोरं पळवणारी टोळी आली या अफवेवरनं पाच जणांना जमावानं मारलं, आणि ते ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून. त्या पाचातले चौघं आपल्याच जिल्ह्यातले, मंगळवेढा तालुक्यातले, एक कर्नाटकातला, सगळे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून पोट भरणारे. आपल्याकडच्या लोकांनी ही गोष्ट विसरता कामा नये पण विसरलीय.

पारावर पोलीस पाटील आले. शांत माणूस. प्रत्येकाचं नाव, पत्ता लिहून घेतला, मोबाईलवरची आधारकार्डं बघितली, 112 च्या गाडीला फोन करून सांगितलं की मिटलंय पण येऊन जा. मग चहा आला. आमची भाकरीची पिशवी शेवटी तिथं उघडली, ज्यांनी काठ्या धरल्या होत्या त्यातल्या दोघांनी शेंगाचटणी खाल्ली. हे ऐकायला गोड वाटतं म्हणून सांगतो की पोरगा त्यावेळी एका कडेला गाल धरून बसला होता आणि त्यानं चहापण घेतला नाही.

पारावर एक म्हातारा होता, तो म्हणाला, "तुमी गाडीवाली म्हून बोलून मिटलं. मागल्या हप्त्यात दोन भंगारवाली आलती, त्यांला कुणी इचारलं बी न्हाई, शिवेपातूर हाणत नेलं." पोलीस पाटलांनी त्याच्याकडं बघितलं, तो गप्प झाला. मला त्या रात्रीचं दुसरं सगळं एकवेळ विसरता येईल, हे वाक्य नाही विसरता येत. कारण आम्ही वाचलो ते काय आम्ही फार अक्कलेनं वागलो म्हणून नाही फक्त. आमच्याकडं ओळख होती, नाव सांगायला दूधवाल्याची बायको होती, मास्तर होते, चष्मे होते. बसून राहण्याची युक्ती राईनपाड्याच्या त्या पाच जणांना कुणी वापरू दिली असती का, ते तर आपली ओळखपत्रं दाखवून सांगत होते म्हणे कोण आहोत ते.

नंतरचं

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ आला. कुणीतरी वाटेवरच शूट केलेला, आम्ही चिखलात बसलोय, तोंडावर उजेड, आणि खाली लिहिलेलं: लाल लाईटवाली टोळी पकडली, बायकापण सामील. ज्या युक्तीनं आम्ही सुटलो त्याच युक्तीनं आमचे चेहरे एकदम स्वच्छ आले होते. अक्का फोनवर बोलतायत तो तुकडा वेगळा काढलेला, वर लिहिलेलं, भाषा बघा कुठली आहे. तो त्यांच्या भाच्याच्या ग्रुपवर पोचला होता.

अक्का एरवी कशाला हलत नाहीत, पण यानं हलल्या. त्यांच्या आजोबांनी सोलापुरात माग चालवला, हे शहर चादरीवर उभं राहिलं त्यात अशा तेलुगू घरांचा हात किती ते कुणाला सांगायला पाहिजे का? त्या एवढंच म्हणाल्या, मी काय बाहेरची आहे काय.

काय करायचं यावर ग्रुपात दोन दिवस भांडणं. गप्प बसावं, आपोआप थंड होईल, असं काहींचं. सायबर सेलला अर्ज द्यावा असं मॅडमचं. सरांनी आधी पोलीस पाटलांना फोन केला, आणि त्यांनी स्वतःच्या आवाजात निरोप रेकॉर्ड करून गावाच्या सगळ्या ग्रुपवर टाकला की ही फिरायला आलेली माणसं होती, नावं-पत्ते तपासलेत, व्हिडिओ पुढं पाठवू नये. त्याच दिवशी मॅडमनी अर्जपण दिला, 112 ला कॉल केल्याची वेळ त्यात लिहिली. दोन्ही केलं हे बरं झालं. गावातनं तो व्हिडिओ गेला, पण बाहेरच्या तालुक्यांतल्या ग्रुपांवर तो पुढं बरेच दिवस फिरत होता. व्हिडिओ पळतो, खुलासा चालत येतो.

थोबाडीत मारली त्याची तक्रार करायची का, यावर तर अजून एकमत नाही. पोराच्या वडिलांना गुन्हा नोंदवायचा होता, भाऊसाहेब त्यांच्या बाजूनं. सरांचं म्हणणं की पोलीस पाटलांनी एवढं केलं, आता केस केली तर ते गाव पुढच्या वेळी कुणासाठी उभं राहणार नाही. मला दोन्ही पटतं पण त्यातही निर्णय पोराचा असायला पाहिजे होता आणि त्याला शेवटी कुणी विचारलं, तर मोठी माणसं बोलून झाल्यावर. तो म्हणाला अर्ज देतो, केस नको. मग ज्यानं मारलं तो चुलत्याला घेऊन घरी आला, हात जोडले, फुटलेल्या स्क्रीनचे पैसे दिले. वडिलांनी पैसे घेतले आणि पोराला ग्रुपमधनं काढलं. अजून तीन-चार जणांच्या घरच्यांनीही बंद केलं. ग्रुप निम्म्यावर आला.

वेगळं काय करता आलं असतं

ओढ्यापाशी परत फिरायला पाहिजे होतं हे आता सगळेच म्हणतात. मला तो मुद्दा तेवढा मोठा वाटत नाही. परत फिरतानाही अंधार झालाच असता, वाट चुकली असती तर तसंच कुठल्यातरी वस्तीवर निघालो असतो.

माझ्या मते सगळं त्या हाकेवर अडलं. वस्तीवरच्या माणसानं अंधारात कोण हाय विचारलं तर त्याला पटकन आणि पूर्ण उत्तर पाहिजे असतं: कोण, कुठले, कुठनं आलो, कुठं चाललो. "सोलापूरचं हाय ओ मावशी, फिराय आलतो, ओढ्याला पाणी आलंय म्हून हिकडनं रोडला चाललोय." एवढं एका दमात कुणीही बोलला असता, भाऊसाहेब तर नोकरीत असताना रोज असंच बोलत आले असतील, तर त्या बाईनं उलट वाट सांगितली असती, पाणी दिलं असतं, कुत्री आवरली असती. आमच्याकडं लीडर होता, शेवटचा माणूस होता, फर्स्ट एडचा डबा होता, पण हाकेला कोण बोलणार हे ठरलेलं नव्हतं. आता ते ठरलेलं असतं: पहिला आणि शेवटचा, दोघांनीही ओ द्यायची, आणि वस्ती दिसली की तिनं हाक मारायच्या आधी आपणच मारायची. इअरफोन बंद. लाल लाईट बंद, लुकलुकणारं काहीच नको, बॅटरी पायाशी. मोठ्या बॅटरीवाल्यानं घराच्या दारावर झोत मारला तर त्याला तिथंच सांगायचं.

अक्कांनी मराठीत बोलायला पाहिजे होतं असं एकानं मीटिंगमधे म्हटलं. ते मला पटलं नाही आणि मी तसं बोललो. घरच्या फोनला माणूस घरच्याच भाषेत बोलणार. आमच्यापैकी दुसऱ्या कुणीतरी त्या बाईला उत्तर दिलं असतं तर अक्का कुठल्या भाषेत बोलतायत त्याची उठाठेव कुणी केली नसती.

दुसरं म्हणजे आधी कळवणं. पोलीस पाटील हे पद काही नावापुरतं नाही, 1967 च्या ग्राम पोलीस कायद्याखालचं आहे, गावात अनोळखी कोण आलंय ते बघणं त्याच्या कामातच येतं. आदल्या दिवशी एक फोन, इतके जण, या वाटेनं, एवढ्या वाजता, एवढं सांगितलं की ते गावाच्या ग्रुपवर टाकतात. आता आम्ही ज्या ज्या शिवेतनं जाणार त्या सगळ्या गावांच्या पाटलांना कळवतो. भाऊसाहेबांचा याला विरोध आहे, सार्वजनिक वाटेनं चालायला परवानगी कशाला मागायची, आज कळवलं तर उद्या नाही म्हणतील. मुद्दा चुकीचा नाहीये. सर म्हणतात परवानगी मागत नाही, सांगतोय. हा वाद प्रत्येक फेरीच्या आधी होतो आणि फोन सरच करतात.

तिसरं, गावातलाच एक माणूस सोबत. गंमत म्हणजे ज्या गावानं धरलं तिथलाच एक बारावी झालेला पोरगा आता आमच्याबरोबर येतो, त्याला ठरलेली मजुरी देतो. कुठल्या बांधावरनं गेलं की कुणाशी भांडण लागतं हे त्याला माहीत असतं, ते कुठल्याच नकाशात नसतं.

आणि भंगारवाल्यांचं काय, हा प्रश्न मी पोलीस पाटलांना विचारला होता, पुढच्या वेळी भेटलो तेव्हा. आमच्यासाठी तुम्ही निरोप टाकला, त्यांच्यासाठी कोण टाकणार? ते म्हणाले, त्यांना सांगतो की गावात शिरताना आधी माझ्याकडं या, नाव लिहून जा. मी विचारलं, येतात का? म्हणाले, दोघं-तिघं येतात, बाकीचे पाटील म्हटलं की लांबनंच निघून जातात, त्यांना वाटतं मीच पोलिसांत देणार.